बाश चेलिक

बाश चेलिक : सर्बियन लोककथांतील एक प्रसिद्ध खलपुरुष. अमानुष बळ, उडण्यासाठी पंख आणि देहाबाहेर दूर ठिकाणी दडवून ठेवलेले सामर्थ्य ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ज्या अद्‌भुतकथेत तो येतो, तिला त्याचेच नाव मिळाले आहे. तिचा नायक असलेला राजपुत्र मात्र निनावीच राहतो. बाल्कन प्रदेशातील मौखिक परंपरा, तीवर पडलेली तुर्की सत्तेची छाया आणि एकोणिसाव्या शतकातील सर्ब राष्ट्रीय जागृती या तिन्हींच्या संदर्भात या व्यक्तिरेखेचा विचार करावा लागतो.

नाव व अर्थ : ‘बाश चेलिक’ हे नाव तुर्की शब्दांनी बनलेले आहे. तुर्की भाषेत ‘बाश’ म्हणजे डोके किंवा प्रमुख आणि ‘चेलिक’ म्हणजे पोलाद. त्यावरून ‘पोलादी मस्तकाचा’ असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. तथापि हे दोन्ही शब्द सर्बियन भाषेत पूर्णपणे रुळलेले आहेत. पोलादाला आजही सर्बियनमध्ये ‘चेलिक’ असेच म्हणतात, तर ‘बाश’ हा शब्द ‘अगदी’, ‘खरोखर’ अशा अर्थी बोलण्यात नित्य येतो. त्यामुळे सर्ब श्रोत्याला या नावातून ‘अस्सल पोलाद’ असाही अर्थ प्रतीत होतो. इंग्रजी भाषांतरकारांनी हाच दुसरा अर्थ स्वीकारला. कथेत त्याचे शरीर पोलादाचे असल्याचे वर्णन नाही. पोलाद त्याच्या नावात आहे आणि लोखंड त्याच्या बेड्यांत आहे.

संकलनाची पार्श्वभूमी : स्मेडेरेव्होचा किल्ला १४५९ मध्ये तुर्कांच्या हाती पडला आणि मध्ययुगीन सर्बियन राज्याचा अंत झाला. त्यानंतरच्या साडेतीन शतकांत राजदरबार नव्हता, सर्ब सरदारवर्ग बव्हंशी नाहीसा झाला होता आणि लेखनवाचन मुख्यत्वे मठांपुरते उरले होते. अशा स्थितीत लोकांची स्मृती टिकून राहिली ती गाण्यांत आणि कथांत. गुस्ले या एकतारी वाद्याच्या साथीवर गायक वीरगीते गात, तर हिवाळ्याच्या रात्री घरोघरी चुलीभोवती अद्‌भुतकथा सांगितल्या जात.

हे मौखिक धन लेखनिविष्ट करण्याचे श्रेय प्रामुख्याने व्हूक स्तेफानोव्हिच काराजिच (१७८७–१८६४) याच्याकडे जाते. १८०४ मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध पहिला सर्ब उठाव झाला. त्यात तो लेखनिक म्हणून वावरला. १८१३ मध्ये उठाव मोडल्यावर तो ऑस्ट्रियात गेला आणि व्हिएन्ना येथे स्लोव्हेन पंडित येर्नेय कोपितार याच्या प्रेरणेने त्याने लोकगीते, म्हणी व कथा यांचे संकलन, तसेच व्याकरण व कोश यांची रचना हाती घेतली. त्या काळी सर्बियन लेखकांची भाषा चर्चच्या स्लाव्हॉनिक वळणाची आणि सामान्यांना दुर्बोध अशी होती. ‘जसे बोलावे तसे लिहावे’ या तत्त्वाचा काराजिचने पुरस्कार केला. शेतकरी आणि मेंढपाळ यांची बोली साहित्याला पुरी पडते, हे त्याला सिद्ध करावयाचे होते आणि लोककथा हा त्याचा एक पुरावा होता.

त्याचा पहिला लहानसा कथासंग्रह १८२१ मध्ये निघाला. त्याच्या प्रास्ताविकात त्याने कथांचे ‘स्त्रियांच्या’ आणि ‘पुरुषांच्या’ असे दोन वर्ग कल्पिले. ज्यांत अशक्य आणि चमत्कारिक गोष्टी घडतात त्या पहिल्या वर्गात, तर ज्यांत घडलेले सर्व संभाव्य वाटते त्या दुसऱ्या वर्गात पडतात. विस्तृत संग्रह १८५३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम याला अर्पण केलेला आहे. काराजिचची कन्या मीना हिने केलेले त्याचे जर्मन भाषांतर पुढील वर्षी ग्रिमच्या प्रस्तावनेसह निघाले. ‘बाश चेलिक’ ही कथा मात्र या संग्रहात नव्हती. काराजिचच्या मृत्यूनंतर १८७० मध्ये व्हिएन्ना येथे निघालेल्या वाढीव आवृत्तीत ती प्रथम समाविष्ट झाली. चमत्कारांच्या दृष्टीने ती ‘स्त्रियांच्या’ वर्गात मोडते, पण तलवार, धनुष्य आणि रणसंग्राम यांमुळे तिचा घाट वीरगीतांच्या जवळ जातो.

कथानक : मरणोन्मुख राजा आपल्या तिन्ही पुत्रांना आज्ञा करतो, की बहिणींना जो पहिला मागणी घालील त्याला त्या द्याव्यात. राजाच्या मृत्यूनंतर एका रात्री गडगडाट होऊन राजवाडा हादरतो आणि दार उघडण्याची आज्ञा देणारा एक आवाज थोरल्या बहिणीला मागतो. दोघे थोरले भाऊ कचरतात. धाकटा मात्र पित्याला दिलेला शब्द पाळून बहिणीचा हात त्या अनोळखी आगंतुकाच्या हाती देतो. पुढील दोन रात्री उरलेल्या दोन बहिणींच्या बाबतीत तसेच घडते. बहिणी कोठे गेल्या हे न कळल्याने भाऊ त्यांच्या शोधार्थ निघतात. वाटेत प्रत्येकाला एकेका रात्री पहारा करताना सरोवरातून आलेल्या बहुमुखी सर्पासुराशी लढावे लागते. धाकटा राजपुत्र पुढे नरभक्षक राक्षसांच्या टोळीचा युक्तीने निःपात करतो आणि निद्रिस्त राजकन्येवर चाल करून येणाऱ्या सापाला खंजिराने भिंतीशी खिळवतो. या पराक्रमाची ओळख पटल्यावर त्या राजकन्येशी त्याचा विवाह होतो.

सासरा शिकारीस जाताना जावयाच्या हाती वाड्याच्या किल्ल्या देतो, पण नववी खोली उघडू नये असे बजावतो. एकाकीपणाला कंटाळलेला राजपुत्र एकेक खोली पाहत अखेर नववीही उघडतो. तेथे गुडघ्यांपर्यंत आणि कोपरांपर्यंत लोखंडात जखडलेला, गळ्यातील साखळ्यांनी सभोवतालच्या खांबांना बांधलेला एक पुरुष दिसतो. त्याच्या समोरच पाण्याचा झरा वाहत असतो, परंतु तो त्याच्या आवाक्याबाहेर असतो. बंदी पाणी मागतो आणि प्रत्येक पेल्यामागे एक आयुष्य देण्याचे वचन देतो. राजपुत्र त्याला तीन पेले पाणी देतो. तिसऱ्या पेल्यासरशी साखळ्या तुटतात, बंद्याला पंख फुटतात आणि राजपुत्राच्या पत्नीला उचलून तो उडून जातो. हाच बाश चेलिक.

पत्नीच्या शोधात भटकताना राजपुत्राला आपल्या तिन्ही बहिणी भेटतात. त्यांचे पती अनुक्रमे नागांचा, ससाण्यांचा व गरुडांचा राजा असल्याचे उघड होते. मेहुण्याला परावृत्त करण्याचा ते प्रयत्न करतात. तो ऐकत नाही, तेव्हा प्रत्येक जण त्याला एकेक पीस देतो. संकटसमयी ते जाळले असता ते ससैन्य धावून येणार असतात. राजपुत्र गुहेत पत्नीला शोधून तिच्यासह पळतो, पण बाश चेलिक त्यांना गाठतो. दिलेल्या आयुष्याची आठवण करून देऊन तो राजपुत्राला सोडतो आणि स्त्रीला परत नेतो. असे वारंवार घडते आणि अखेर वचनाने दिलेली आयुष्ये संपतात. त्यानंतर मेहुण्यांच्या सैन्यांसह झालेल्या युद्धात राजपुत्र मारला जातो. जॉर्डन नदीचे पाणी शिंपडून मेहुणे त्याला पुन्हा जिवंत करतात.

बळाने हा शत्रू जिंकता येत नाही हे ध्यानी आल्यावर त्याच्या सामर्थ्याचे ठिकाण शोधण्याचे काम त्याच्या कैदेतील पत्नीवर सोपविले जाते. बाश चेलिक प्रथम आपले बळ तलवारीत असल्याचे सांगतो. ती तलवारीपुढे नतमस्तक होते, तेव्हा तो हसतो. मग तो धनुष्याचे नाव घेतो आणि ती त्याचीही पूजा मांडते. तिची भक्ती पाहून तो अखेर खरे सांगतो. दूर एका उंच पर्वतावर एक कोल्ही आहे, कोल्हीच्या पोटी हृदय आहे, हृदयात एक पक्षी आहे आणि त्या पक्ष्यात त्याचे बळ आहे. नाना रूपे घेऊन निसटणाऱ्या कोल्हीला नाग, ससाणे आणि गरुड मिळून पकडतात. तिच्या हृदयातील पक्षी आगीत टाकताच बाश चेलिक मरून पडतो.

व्यक्तिरेखेचे स्वरूप : बाश चेलिक हा केवळ क्रूर राक्षस नव्हे. त्याला कोणत्या अपराधासाठी जखडून ठेवले, हे कथा सांगत नाही. वाचकाला तो प्रथम दिसतो तो तहानेने व्याकुळ झालेला कैदी म्हणून, आणि त्याची सुटका होते ती राजपुत्राच्या लोभामुळे किंवा मूर्खपणामुळे नव्हे, तर दयेमुळे. झरा समोर असूनही पाणी न मिळणे, ही शिक्षा कठोर आहे आणि ती देणारा राजा नायकाचा सासरा आहे. सुटल्यावर तो उपकारकर्त्याचीच पत्नी पळवितो. ही कृतघ्नता उघड आहे. तथापि दिलेला शब्द मात्र तो मोडत नाही. पाण्याच्या बदल्यात कबूल केलेली आयुष्ये तो मोजून देतो आणि ती संपेपर्यंत शत्रूच्या केसालाही धक्का लावत नाही. कथेची सुरुवात राजपुत्राने शब्द पाळण्याने होते आणि तिचा मध्यभाग खलपुरुषाने शब्द पाळण्यावर उभा आहे. दोघेही एकाच आचारधर्माने बांधलेले आहेत.

याला भाषेचाही आधार मिळतो. आपले बळ कोठे आहे हे सांगताना मूळ कथेत बाश चेलिकच्या बाबतीत ‘युनाश्त्व्हो’ हा शब्द योजिलेला आहे. त्याचा अर्थ वीरत्व असा असून वीरगीतांतील नायकांच्या पराक्रमालाही हाच शब्द लावला जातो. प्रतिपक्षाला असे मोठेपण देण्याची वृत्ती सर्बियन वीरगीतांतही आढळते. युवराज मार्को आणि मूसा केसेजिया यांच्या द्वंद्वाचे गीत याचे ठळक उदाहरण होय. मूसाशी लढताना मार्को हतबल होतो आणि वनदेवतेच्या सूचनेवरून गुप्त खंजिराने त्याला ठार करतो. मूसाच्या छातीत तीन हृदये आणि तिसऱ्यावर निजलेला साप आढळतो. आपल्याहून श्रेष्ठ वीर आपण मारला, म्हणून मार्को त्यानंतर शोक करतो.

कथेतील नागांच्या राजाचे स्थानही लक्षणीय आहे. सर्बियन लोकश्रद्धेत ‘झ्माय’ आणि ‘अझ्दाया’ असे दोन प्रकारचे सर्पासुर मानलेले आहेत. झ्माय हा तेजस्वी, बहुधा माणसांचा कैवारी, तर अझ्दाया ही पाणी अडवून माणसे गिळणारी असते. प्रस्तुत कथेत सरोवरातून येते ती अझ्दाया आणि बहिणीचा पती होतो तो झ्माय. बाश चेलिक या दोन्हींहून वेगळा आहे. तो पंखांचा असला, तरी रूपाने माणूस आहे.

नायकाचा विजय त्याच्या एकट्याच्या पराक्रमाचा नाही. थोरल्या भावांनी ज्यांना बहिणी देण्यास नकार दिला होता, तेच सोयरे शेवटी त्याला मृत्यूतून परत आणतात. ‘झाद्रुगा’ या नावाने ओळखले जाणारे मोठे एकत्र कुटुंब हा जुन्या सर्बियन ग्रामजीवनाचा कणा होता. परके सरकार, लुटारू आणि दुष्काळ यांच्यापुढे माणसाला आधार होता तो कुळाचा आणि सोयरिकीचा. कथेचा हा भाग अशा समाजातील श्रोत्यांना निव्वळ चमत्कार म्हणून नव्हे, तर अनुभवाचे सत्य म्हणून भावला असावा.

बाह्य प्राणाची कल्पना व समांतर कथा : प्राण किंवा बळ देहाबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवल्याने मनुष्य अवध्य होतो, ही कल्पना फार प्राचीन आणि सर्वदूर पसरलेली आहे. इ. स. पू. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ईजिप्शियन ‘दोन भावांच्या कथे’त एक भाऊ आपले हृदय झाडाच्या फुलावर ठेवतो. स्कॉटिश मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर याने द गोल्डन बाउ (१८९०) या ग्रंथात अशा कथांचा मोठा संग्रह करून त्यांची मीमांसा केली. कथाप्रकारांच्या आर्ने-टॉम्सन वर्गीकरणात राक्षसाच्या बाह्य प्राणाच्या कथेला ३०२ आणि पशुपक्ष्यांशी विवाह झालेल्या बहिणींच्या कथेला ५५२ हा क्रमांक आहे. बाश चेलिकच्या कथेत या दोन्ही प्रकारांचा संयोग झालेला आहे.

काराजिचच्याच संग्रहातील ‘अझ्दाया आणि राजपुत्र’ या कथेत सर्पासुराचे बळ दुसऱ्या एका सर्पासुराच्या पोटातील रानडुकरात, त्यातील सशात, सशातील कबुतरात आणि कबुतरातील चिमणीत असते. ‘सोन्याचे सफरचंद आणि नऊ लांडोरी’ या कथेत निषिद्ध तळघरातील पिंपात कोंडलेला सर्पासुर तीन पेले पाणी पिऊन मोकळा होतो आणि राणीला पळवितो. रशियन लोककथांतील ‘अमर कोश्चेय’ हा बाश चेलिकचा सर्वांत निकटचा आप्त म्हणता येईल. अफनास्येव्हच्या संग्रहातील ‘मार्या मोरेव्हना’ या कथेत साखळदंडांनी टांगलेला कोश्चेय पाणी पिऊन सुटतो, नायकाला काही वेळा क्षमा करतो आणि पक्षिराज असलेले मेहुणे मृत नायकाला जिवंत करतात. त्या कथेत मात्र कोश्चेयचा अंत घोड्याच्या लाथेने होतो. अंड्यात दडविलेल्या मृत्यूची कल्पना इतर रशियन कथांत येते.

राक्षसाचा प्राण पोपटात असल्याची कथा मराठी वाचकांना नवी नाही. तिचा युरोपीय अभ्यासकांशी परिचय होण्यास महाराष्ट्रच कारणीभूत ठरला. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने आपली आया ॲना लिबराता डिसूझा हिच्या तोंडून ऐकलेल्या कथा १८६८ मध्ये ओल्ड डेक्कन डेज या नावाने प्रसिद्ध केल्या. ॲनाचे आजोबा गोव्याजवळ स्थायिक झालेल्या कुटुंबातील असून तेथेच ते ख्रिस्ती झाले होते. या संग्रहाच्या प्रारंभीच्या ‘पंचकिन’ या कथेत जादूगाराचा प्राण दूरच्या अरण्यात, पाण्याच्या घागरींखाली ठेवलेल्या पिंजऱ्यातील हिरव्या पोपटात असतो आणि ते गुपित त्याने पळविलेली राणीच गोड बोलून काढून घेते. फ्रेझरनेही या कथेची नोंद घेतली. ‘पंचकिन’ १८६८ मध्ये लंडनला आणि ‘बाश चेलिक’ १८७० मध्ये व्हिएन्नाला छापली गेली. दोन दूरच्या प्रदेशांतील सांगणाऱ्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. टेओडोर बेन्फाय याने १८५९ मध्ये पंचतंत्राच्या भाषांतराला जोडलेल्या विवेचनात युरोपीय कथांचे मूळ बव्हंशी भारतात असल्याचे प्रतिपादिले होते. सर्व कथांना एकच उगम मानणारे हे मत पुढे मागे पडले. तरीही अशा साम्याचा उलगडा करताना कथांचा प्रवास आणि स्वतंत्र निर्मिती या दोन्ही शक्यता विचारात घ्याव्या लागतात.

ऐतिहासिक अर्थनिर्णय : खलपुरुषाचे नाव तुर्की असल्यामुळे त्याच्यात तुर्की राज्यकर्त्याचे प्रतीक पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. स्त्रियांचे अपहरण करणारा, बळाने अजिंक्य, पण मर्मस्थान सापडताच कोसळणारा शत्रू हे रूपक पारतंत्र्यातील श्रोत्यांना जवळचे वाटले असेल. तथापि या अर्थाला मर्यादा आहेत. कथेत तुर्कांचा, सुलतानाचा किंवा इस्लामचा उल्लेख नाही. सर्बियन वीरगीतांना तुर्क शत्रू दाखवावयाचा असतो, तेव्हा त्या त्याचे नाव, गाव आणि हुद्दा स्पष्टपणे सांगतात. त्यांना रूपकाची गरज भासत नाही. शिवाय ‘चेलिक’ हा शब्द सर्बांच्या रोजच्या वापरातला होता. घरगुती वस्तूंपासून शस्त्रांपर्यंत शेकडो तुर्की शब्द त्यांनी आपलेसे केले होते. तेव्हा हे नाव दीर्घ सहवासाची खूण आहे, शत्रुत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे. कथेची मूळ चौकट तर तुर्की सत्तेहून कितीतरी जुनी आहे.

लोककथेला राष्ट्रीय इतिहासाचे दस्तऐवज मानण्याची प्रवृत्ती एकोणिसाव्या शतकात सर्व युरोपभर होती. सर्बियाला १८३० मध्ये स्वायत्तता आणि १८७८ च्या बर्लिन काँग्रेसमध्ये पूर्ण स्वातंत्र्याची मान्यता मिळाली. त्या काळात मौखिक साहित्य हे एका लहान राष्ट्राचे ओळखपत्र ठरले. परंतु नायकाला आपला आणि खलपुरुषाला परका ठरविल्यास कथेतील एक महत्त्वाचा धागा निसटतो. बाश चेलिक बाहेरून चालून आलेला नाही. तो राजवाड्यातच, नवव्या दारामागे, जुन्या राजाने कोंडून ठेवलेला आहे. वारसाला किल्ल्या मिळतात, पण त्या दारामागील बंदी कोण आणि कशासाठी कैदेत आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. मागील पिढीने बोलायचे टाळलेले वैर पुढील पिढीला फेडावे लागते, हा या कथेचा अर्थ विशिष्ट राजवटीपुरता मर्यादित राहत नाही.

प्रसार : इंग्रजी वाचकांपुढे ही कथा प्रथम एलोडी लॉटन मियातोव्हिच हिच्या सर्बियन फोकलोअर (१८७४) या ग्रंथाद्वारे आली. ही इंग्रज लेखिका सर्ब मुत्सद्दी चेदोमिल मियातोव्हिच याची पत्नी होती. १९१४ मध्ये व्होइस्लाव्ह पेट्रोव्हिच याने सर्बियन वीरकथांच्या आपल्या इंग्रजी संग्रहात ती पुन्हा दिली. पहिल्या महायुद्धात सर्बिया दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढत असता चित्रकार एडमंड ड्युलॅक याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोस्त राष्ट्रांच्या परीकथांच्या सचित्र ग्रंथात सर्बियाची प्रतिनिधी कथा म्हणून हीच निवडली गेली. युगोस्लाव्ह दिग्दर्शक व्होयिस्लाव्ह नानोव्हिच याच्या चुदोत्वोर्नी माच (‘चमत्कारी तलवार’, १९५०) या चित्रपटाचे कथानक लोककथांच्या आशयसूत्रांवर आधारलेले असून त्यातील खलपुरुष बाश चेलिक हाच आहे.

सर्बियन बालवाङ्‌मयात आणि लोकस्मृतीत त्याचे स्थान आजही टिकून आहे. तहानलेल्या बंद्याला पाणी देणे हे पुण्यकर्म की प्रमाद, हा प्रश्न कथा स्वतः सोडवीत नाही. राजपुत्राला त्या दयेची जबर किंमत मोजावी लागते, पण त्याच दयेने मिळालेली आयुष्ये त्याला अखेरच्या संग्रामापर्यंत जिवंत ठेवतात.